विदर्भातील बृहदश्मयुगीन अश्वालंकार

विदर्भातील बृहदश्मयुगीन अश्वालंकार म्हणजे नागपूर-वर्धा परिसरातील शिळावर्तुळांच्या उत्खननांत सापडलेले घोड्याच्या साजाचे धातूचे भाग होत. ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, म्हणजे लोहयुगातील आहेत.

शोध व उत्खनन
मृतांच्या स्मरणार्थ मोठे दगड वर्तुळाकार मांडून मध्यभागी माती-दगडांची भर घालण्याची प्रथा विदर्भात रूढ होती. नागपूरजवळील जुनापाणी येथील वर्तुळांचा वृत्तान्त जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा आणि माहुरझरी (१९७०-७२) येथे पद्धतशीर उत्खनन केले. वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथेही असे अवशेष मिळाले.

स्वरूप
माहुरझरी येथील शिरोभूषण तांब्याच्या पातळ पत्र्याचे असून त्यावर उठावाच्या घुंड्या आहेत. ते घोड्याच्या मुखावर बसवीत. पत्रा पातळ असल्याने त्यामागे चामड्यासारख्या मऊ पदार्थाचा आधार असावा, असे अनुमान केले जाते. घोड्याच्या तोंडात बसणारे लगामाचे लोखंडी भागही मिळाले आहेत. शोभेसाठी तांबे आणि ताण सोसण्यासाठी लोखंड, अशी धातूंची निवड यांत दिसते.

महत्त्व
माहुरझरी येथे घोड्यांचे अस्थिअवशेषही मिळाले. हाडांवरील कापल्याच्या खुणांवरून अंत्यविधीत घोड्याचा बळी दिला जात असावा, असे अभ्यासक मानतात. अश्वारोहण आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचा संबंध या साजावरून सूचित होतो.

तुलना
चामडे व कापड कुजते, धातू मात्र टिकतो. त्यामुळे वेशभूषेचा वा साजाचा अभ्यास बहुधा धातूच्या जोडभागांवरूनच करावा लागतो. स्वीडनमधील बिर्का येथे यल्मार स्टोल्पे यांनी एकोणिसाव्या शतकात सुमारे १,१०० वायकिंगकालीन दफने उत्खनित केली. त्यांतील स्त्रियांच्या वस्त्रांना लावलेल्या लंबगोल धातूच्या पिनांच्या गंजाला चिकटून कापडाचे तुकडे टिकले. पिनांची शरीरावरील जागा नोंदलेली असल्याने वेशाची रचना ठरविता आली.

जतन
विदर्भातील साजालाही हेच लागू पडते. पत्रा हाडांच्या सान्निध्यात, मूळ जागी सापडला तरच तो घोड्याचा अलंकार आहे हे सिद्ध होते. वर्तुळाचे दगड हलविले गेले किंवा ते नोंदीविना उकरले गेले, तर वस्तू हाती आली तरी तिचा अर्थ कायमचा हरवतो.