दस्तक ते कुकी : प्रवाशाच्या खिशातील चिठ्ठीचा इतिहास

१. तेरेखोल नदीकाठचे बांदा हे सिंधुदुर्गाचे गोव्याच्या वेशीवरील गाव. डिसेंबर १९६१ पर्यंत वेशीपलीकडे पोर्तुगीज अंमल होता. सीमेवरच्या गावाला एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या परिचित असतो : येणारा कोण, आणि त्याची ओळख कोण ठेवणार?

२. मराठेशाहीत या प्रश्नाचे एक उत्तर होते ‘दस्तक’, म्हणजे वाटेचा परवाना. चौकीवरील माणूस प्रवाशाला ओळखत नसे. तो कागद ओळखत असे. स्मृती चौकीत नव्हे, प्रवाशाच्या कनवटीला असे.

३. आता १९९० चे दशक पाहा. टिम बर्नर्स-ली यांनी घडवलेल्या वेबमध्ये प्रत्येक मागणी स्वतंत्र मानली जाई. एक पान पाहून दुसरे उघडले, की संकेतस्थळ वाचकाला विसरून जाई. अशा विसराळू दुकानात खरेदीची टोपली भरणार कशी?

४. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंतुली यांनी तोडगा काढला. संकेतस्थळाने एक छोटी नोंद ब्राउझरकडे द्यावी आणि पुढच्या भेटीत ब्राउझरने ती परत दाखवावी. युनिक्स प्रोग्रामरांच्या ‘मॅजिक कुकी’ या शब्दावरून तिचे नाव पडले ‘कुकी’. हे जणू नव्या युगाचे दस्तकच.

५. मोंतुलींनी एक सोपा मार्ग जाणीवपूर्वक टाळला होता : प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देणे. तसे झाले असते तर सर्व संकेतस्थळांना माणसाचा माग काढता आला असता. म्हणून नियम ठरला : चिठ्ठी ज्याची, त्यालाच ती वाचता यावी.

६. मात्र एक फट राहिली. एकाच पानावर इतरांची चित्रे आणि जाहिराती असतात, आणि तेही चिठ्ठी ठेवू शकतात. एकच जाहिरात कंपनी शंभर संकेतस्थळांवर असेल, तर शंभर ठिकाणची भेट तिच्या एकाच चिठ्ठीशी जोडली जाते. यालाच ‘थर्ड-पार्टी कुकी’ म्हणतात.

७. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने हा विषय लोकांसमोर आणला. फेब्रुवारी १९९७ च्या तांत्रिक मानकाने (आरएफसी २१०९) अशा परक्या कुकी मुळातच बंद ठेवाव्यात असे सुचवले. प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही. बहुसंख्य लोक मूळ सेटिंग कधीच बदलत नाहीत. म्हणूनच तो निर्णय दूरगामी ठरला.

८. सफारीने मार्च २०२० मध्ये परक्या कुकी पूर्णतः रोखल्या. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये त्या हटवण्याची घोषणा केली आणि जुलै २०२४ मध्ये ती मागे घेतली.

९. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पीठात नागपूरचे शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड होते. १९७६ च्या ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात धनंजय यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमताच्या बाजूने होते; तो निकालही पुत्राने याच निकालपत्रात चुकीचा ठरवला.

१०. पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यानुसार संमती मागणारा मजकूर आठव्या अनुसूचीतील भाषेतही वाचण्याचा पर्याय हवा. म्हणजे बांद्याच्या रहिवाशाला तो मराठीत वा कोकणीतही मागता येईल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हेही कायदा सांगतो.

११. कुकी संकेतस्थळाच्या कपाटात नसून आपल्याच यंत्रात असते. ब्राउझरच्या सेटिंगमधील ‘गोपनीयता’ विभागात साठवलेली माहिती पाहता येते, एकेका संकेतस्थळाची पुसता येते आणि परक्या कुकी रोखता येतात. सगळ्या पुसल्यास पुन्हा लॉगिन करावे लागते, एवढेच. खासगी खिडकी बंद करताच तिच्यातील कुकी जातात. संकेतस्थळाने स्वतःकडे केलेली नोंद मात्र राहते.

१२. दस्तक देणारी चौकी राजाची होती. कुकी देणारी चौकी कोणाचीही असू शकते. पण चिठ्ठी ज्या खिशात आहे तो खिसा आपला आहे. तो अधूनमधून उलटा करून झटकण्यास कोणाची परवानगी लागत नाही.