सुगीचा पैसा, महिन्याचे रिचार्ज

हिंगोली जिल्ह्यात केबल न घेता टीव्ही पाहणाऱ्या घरांची तक्रार आता ओळखीची झाली आहे. मालिकेसाठी एका ॲपची वर्गणी, क्रिकेटसाठी दुसऱ्याची, आणि दोन्ही चालावीत म्हणून मोबाइलचे रिचार्ज वेगळेच. लोकांना फुकट पाहण्याची सवय लागली आहे, म्हणून ते कुरकुरतात, असे यावर सहज बोलले जाते. या भागातल्या करमणुकीचा इतिहास पाहिला तर हा आरोप टिकत नाही. इथला माणूस करमणुकीसाठी पैसे मोजतच आला आहे. मात्र हाती पीक किंवा पैसा येई तेव्हा तो मोजत असे, आणि पुष्कळदा चारचौघांत मिळून मोजत असे. गेल्या दहा वर्षांत मोडली ती ही रीत, आणि राग आहे तो तिच्या मोडण्याचा.

हा मुलूख निजामाच्या राज्यात आणि पुढेही परभणी जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. वासुदेव, बहुरूपी, गोंधळी यांचे देणे गावे सुगीला धान्यात चुकते करीत. हिंगोलीचा दसरा खरिपाच्या सुगीच्या तोंडावर येतो, औंढा नागनाथची महाशिवरात्र रब्बीच्या. जत्रेत तंबूतला सिनेमा पाहायला जाणाऱ्याच्या खिशात काहीतरी असण्याचे हेच दिवस. पुढे रेडिओ आणि टीव्हीसाठी सरकारी परवाना घ्यावा लागे, त्याचेही शुल्क पोस्टात वर्षातून एकदा भरायचे असे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो परवाना गेला. टीव्ही इथे तसा उशिराच पोचला. १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात जुन्या हैदराबाद संस्थानातल्या गुलबर्गा भागातील गावांना सरकारी संच मिळाले, पण सहा राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्र नव्हता, म्हणून मराठवाडा कोरडा राहिला. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा खेड्यांत ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर गल्ली जमे. गणपतीत वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणला जाई आणि रात्रभर सिनेमे चालत. पैसे दिलेले असत, पण कोणा एकाच्या अंगावर पडत नसत.

केबल आली तेव्हाही ही रीत मोडली नाही. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला, १९९५ मध्ये केबलचा कायदा आला, आणि डिश लावून घरोघर वायर ओढणारा केबलवाला गावातलाच निघाला. महिन्याचे पैसे थकले तर तो दारात येऊन बोले, चिडे, पण सोयाबीन विकेपर्यंत थांबे. तो कोणाचा कोण हे सर्वांना ठाऊक असे. ही उधारी वहीत मांडलेली नव्हती, तरी व्यवस्था तिच्यावरच उभी होती. यावर एक आक्षेप रास्त आहे. जोडण्या कमी दाखवून देशभरचे अनेक केबलवाले वाहिन्यांचे पैसे आणि सरकारचा करमणूक कर बुडवत होते. तो गळका हिशेब थांबवण्यासाठीच २०११ च्या कायदादुरुस्तीने सेट टॉप बॉक्स सक्तीचा केला आणि २०१७ च्या मार्चपर्यंत ही सक्ती खेड्यांपर्यंत नेली. गळती खरी होती, उपायही गरजेचा होता. पण चोरी बंद करताना सवडीने देण्याची सोयही बंद झाली, हे कोणी मोजले नाही. बॉक्स थांबत नाही. पैसे संपले की पडदा काळा होतो. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायचे नवे दर आले: शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत निराळी. आपल्याला हव्या त्याच वाहिन्यांचे पैसे द्यायचे, हे तत्त्व चांगले होते. दराचा विचार झाला, भरण्याच्या दिवसाचा झाला नाही.

लोक पैसे द्यायला तयार असतात याचा भक्कम पुरावा म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेसाठी छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच मोजायचे, पुढे मासिक भाडे नाही. पीक विकल्यावर एकदा खर्च करून वर्षानुवर्षे निश्चिंत, हा हिशेब कोरडवाहू घराला लगेच पटतो. पण झी मराठी, स्टार प्रवाह या मोठ्या वाहिन्या तिथे नाहीत. १ मार्च २०१९ रोजी तर बड्या समूहांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्याही तिथून काढून घेतल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या परतल्या. ज्याच्या छतावर छत्री आहे त्याच्या हाती काय पाहावे हा निर्णय नाही, हे तेव्हा उघड झाले.

मग ॲप आहेत की, असे म्हणता येईल. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, यूट्यूबवर कीर्तनापासून शेतीपर्यंत सारे फुकट मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर विनामूल्य दिसली, पण २०२५ मध्ये तीच रिचार्ज आणि वर्गणीला बांधली गेली. डेटाचे चक्रही २८ दिवसांचे, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. ट्रायने २०२२ मध्ये तीस दिवसांची किमान एक योजना ठेवायला लावली, पण तीस दिवस हे पगारदाराचेच पंचांग. जिल्ह्यातले सुमारे ८५ टक्के लोक २०११ च्या जनगणनेत ग्रामीण होते. त्यांच्या घरी पैसा दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा येतो, उन्हाळ्यात हळदीचा, आणि मधले महिने उसनवारीचे. वार्षिक वर्गणी स्वस्त पडते, हा त्यावरचा शेवटचा आक्षेप. ती स्वस्त पडते खरी, पण मुदत संपते ती ज्या तारखेला घेतली त्या तारखेला. एखाद्या वर्षी पाऊस लांबला, भाव पडला, की नेमकी तेव्हाच ती भरायला खिसा रिकामा असतो. बँका पीककर्जाच्या परतफेडीची मुदत हंगाम धरून ठरवतात, आणि त्यामुळे कर्ज फुकट होत नाही. दिवाळीला एक आणि हळदीनंतर एक असे दोन हप्ते, व दरम्यान काही आठवड्यांची सवड, एवढे वाहिन्या आणि ॲप विकणाऱ्यांनाही अशक्य नाही.