नात्सुमे सोसेकी यांचे लंडनमधील इंग्रजी अध्ययन (१९००–१९०२) : भाषा आणि वाङ्मय यांमधील अंतर

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियातील अनेक देशांतून विद्यार्थी आणि अध्यापक इंग्रजी शिकण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेस गेले. त्यांच्या या अध्ययनाचा इतिहास बहुधा चरित्रातील एखाद्या प्रकरणापुरता मर्यादित राहतो. प्रवास, हालअपेष्टा, पदवी आणि स्वदेशी परतल्यानंतरचे कार्य असा त्याचा साचाही ठरून गेला आहे. परक्या देशात जाऊन परकी भाषा शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, हा प्रश्न त्या साच्यात क्वचितच उपस्थित होतो. आधुनिक जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी (१८६७–१९१६) यांचे लंडनमधील दोन वर्षांचे वास्तव्य या दृष्टीने विशेष तपासण्याजोगे आहे, कारण त्यांच्या बाबतीत हा प्रश्न सरकारी आदेशाच्या शब्दयोजनेतच अंतर्भूत होता.

१९०० च्या मे महिन्यात जपानच्या शिक्षण मंत्रालयाने कुमामोतो येथील पाचव्या उच्च विद्यालयातील इंग्रजीचे अध्यापक नात्सुमे किन्नोसुके (सोसेकी हे त्यांचे लेखननाम) यांना दोन वर्षांच्या अध्ययनासाठी इंग्लंडला पाठविण्याचा आदेश काढला. आदेशात अध्ययनाचा विषय ‘इंग्रजी भाषा’ असा नमूद होता; ‘इंग्रजी वाङ्मय’ असा नव्हता. १८९३ मध्ये तोक्योच्या शाही विद्यापीठातून इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतलेल्या सोसेकींना हा भेद खटकला. मंत्रालयातील अधिकारी उएदा काझुतोशी यांची भेट घेऊन आदेशाचे अक्षरशः पालन करणे आवश्यक आहे काय, अशी विचारणा त्यांनी केली. इतके काटेकोर राहण्याची गरज नाही, परंतु परतल्यावर उच्च विद्यालयात किंवा विद्यापीठात जे शिकवावे लागेल त्याचा अभ्यास व्हावा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. उएदा हे स्वतः जर्मनीत भाषाशास्त्र शिकून आलेले विद्वान होते आणि जपानची ‘राष्ट्रभाषा’ घडविण्याच्या प्रकल्पाचे ते एक प्रमुख शिल्पकार होते. भाषा आणि वाङ्मय यांतील फरक त्यांच्या ध्यानात आला नसेल, असे मानता येत नाही.

या आदेशामागील धोरण समजून घेण्यासाठी मेइजी राजवटीतील (१८६८–१९१२) शिक्षणव्यवस्थेकडे पाहावे लागते. या राजवटीच्या आरंभकाळात पाश्चात्त्य विद्या शिकविण्यासाठी परदेशी अध्यापकांना मोठ्या वेतनावर पाचारण करण्यात आले होते. शतकाच्या अखेरीस त्यांची जागा परदेशी शिकून आलेल्या जपानी अध्यापकांनी घ्यावी, असा शासनाचा प्रयत्न होता. तोक्यो विद्यापीठात १८९६ पासून इंग्रजी वाङ्मय शिकवीत होते ते लाफ्काडिओ हर्न. त्यांच्याच जागी पुढे १९०३ मध्ये सोसेकींची नेमणूक झाली. शासनाच्या लेखी इंग्रजी हे आधुनिक ज्ञान हस्तगत करण्याचे साधन होते. साधनाचा अभ्यास करण्यासाठी पाठविलेल्या माणसाला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता.

२

सोसेकींचे बालपणीचे शिक्षण अभिजात चिनी ग्रंथांच्या परंपरेत झाले. १८८१ मध्ये ते चिनी विद्येच्या एका खाजगी विद्यालयात शिकत होते. विद्यापीठात जायचे तर इंग्रजीवाचून गत्यंतर नाही हे उमगल्यावर १८८३ मध्ये त्यांनी इंग्रजी शिकविणाऱ्या विद्यालयात प्रवेश घेतला. वाङ्मय म्हणजे काय याची त्यांची पहिली, काहीशी अस्पष्ट कल्पना चिनी इतिहासग्रंथांच्या वाचनातून तयार झाली होती. इंग्रजी वाङ्मयही त्याच जातीचे असणार, या गृहीतावर त्यांनी तो विषय निवडला होता. पदवी मिळाल्यावर मात्र इंग्रजी वाङ्मयाने आपली फसवणूक केली आहे, अशी अस्वस्थता त्यांच्या मनात घर करून राहिली. ही कबुली त्यांनी पुढे ‘बुंगाकुरोन’ (वाङ्मयसिद्धान्त, १९०७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिली आहे.

येथे ‘बुंगाकु’ या संज्ञेचा इतिहास लक्षात घेणे आवश्यक आहे. ही संज्ञा चिनी परंपरेतून आलेली असून तिचा जुना अर्थ ग्रंथविद्या असा व्यापक होता. त्यात इतिहास, तत्त्वचिंतन आणि काव्य यांचा समावेश होत असे. मेइजी काळात हाच शब्द युरोपीय ‘लिटरेचर’ या संकल्पनेचा पर्याय म्हणून रूढ झाला. शब्द तोच राहिला आणि त्याचा आशय बदलला. सोसेकींना जाणवलेल्या फसवणुकीचे मूळ या अर्थांतरात शोधता येते. दोन भिन्न परंपरांना एकच नाव मिळाल्यामुळे त्या एकाच जातीच्या आहेत असा भास निर्माण झाला होता.

३

८ सप्टेंबर १९०० रोजी सोसेकी योकोहामाहून जर्मन जहाजाने निघाले आणि जेनोआ व पॅरिसमार्गे २८ ऑक्टोबरला लंडनला पोहोचले. कोठे शिकायचे हे आदेशात ठरवून दिलेले नव्हते. त्यांनी प्रथम केंब्रिजची पाहणी केली. परंतु वार्षिक १८०० येनच्या विद्यावेतनात तेथील विद्यार्थिजीवन परवडणारे नव्हते; शिवाय खेळ, मेजवान्या आणि भेटीगाठी यांत रमणाऱ्या त्या जीवनात अभ्यासाला वेळ उरणार नाही, असेही त्यांना वाटले. स्कॉटलंडमधील एडिंबरो किंवा आयर्लंड यांचाही विचार झाला. पण इंग्रजी भाषेच्या सरावासाठी ती स्थळे योग्य नाहीत, या कारणाने तो मागे पडला. प्रमाण उच्चाराचा हा आग्रह भाषा शिकण्याच्या सरकारी उद्दिष्टाशी सुसंगतच होता. अखेर लंडन निश्चित झाले.

लंडनमध्ये सोसेकी युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डब्ल्यू. पी. केर यांच्या व्याख्यानांना बसू लागले. इंग्रजी भाषा व वाङ्मय यांचे अध्यासन या संस्थेत १८२८ पासून, म्हणजे तेथील अध्यापनाच्या आरंभापासून होते. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ मध्ये सुरू झाला, तर केंब्रिजला त्यासाठी १९१७ उजाडावे लागले. केर हे मध्ययुगीन वाङ्मयाचे नामांकित अभ्यासक. तरीही जपानमध्ये ऐकलेल्या व्याख्यानांहून येथे फारसे वेगळे काही मिळत नाही, असे वाटून काही महिन्यांतच सोसेकींनी वर्गात जाणे थांबविले. त्यानंतर सुमारे वर्षभर ते शेक्सपिअरचे अभ्यासक विल्यम जेम्स क्रेग यांच्याकडे खाजगी शिकवणीला जात राहिले.

या दोन्ही गुरूंच्या बाबतीत एक गोष्ट लक्षणीय आहे. उच्चाराच्या कारणास्तव सोसेकींनी स्कॉटलंड आणि आयर्लंड टाळले. पण केर ग्लासगोचे आणि क्रेग आयरिश. क्रेग यांचे बोलणे, विशेषतः ते आवेशात आले की, समजणे किती कठीण होई, याचे वर्णन सोसेकींनी १९०९ मध्ये लिहिलेल्या व्यक्तिचित्रात केले आहे. वेल्समधील महाविद्यालयाचे अध्यासन सोडून क्रेग लंडनला आले होते. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून ते शेक्सपिअरच्या शब्दांचा एक कोश रचीत होते; अलेक्झांडर श्मिट यांच्या प्रसिद्ध कोशाच्या पुढे जाण्याची त्यांची आकांक्षा होती. ‘आर्डन’ शेक्सपिअरमालेसाठी त्यांनी संपादिलेली ‘किंग लिअर’ची आवृत्ती १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. कोश मात्र १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही अपुराच होता. ज्या ‘शुद्ध’ इंग्रजीच्या शोधात सोसेकी लंडनला आले, ती त्यांना शिकविणारे लोक इंग्लंडच्या सीमेवरील समाजांतून आलेले होते. भाषेचे केंद्र दुरून जितके एकसंध दिसते तितके ते जवळून राहत नाही, हा अनुभव या शिकवणीतून त्यांच्या पदरी पडला.

४

मे १९०१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए जर्मनीहून लंडनला आले आणि काही आठवडे सोसेकींच्या बिऱ्हाडी राहिले. लाइपझिग येथे ओस्टवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या इकेदांनी पुढे १९०८ मध्ये ‘उमामी’ या चवीमागील द्रव्य शोधून काढले. वाङ्मय, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांविषयी या दोघांच्या दीर्घ चर्चा झाल्या. पद्धतशीर, काटेकोर विचार कसा असतो याचे प्रत्यक्ष उदाहरण सोसेकींसमोर आले. त्यानंतर क्रेग यांच्याकडील शिकवणीही बंद झाली. वाङ्मयीन कृती एकामागून एक वाचत गेल्याने वाङ्मय म्हणजे काय याचे उत्तर मिळणार नाही, अशा निष्कर्षाला येऊन सोसेकी मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या ग्रंथांकडे वळले. विल्यम जेम्स आणि लॉइड मॉर्गन यांचे लेखन या काळातील वाचनात विशेष महत्त्वाचे ठरले. विद्यावेतनाचा मोठा भाग पुस्तकांवर खर्च करून आणि खोलीत कोंडून घेऊन ते बारीक अक्षरांत टिपणे काढीत राहिले. १९०२ मध्ये त्यांच्या मनःस्वास्थ्याविषयीच्या वार्ता जपानपर्यंत पोहोचल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे जिवलग मित्र, हायकूकार मासाओका शिकी यांचे निधन झाले. डिसेंबरमध्ये सोसेकींनी लंडन सोडले.

या एकांतवासाचे कारण केवळ स्वभावात किंवा दारिद्र्यात शोधणे अपुरे ठरते. त्यामागे एक तात्त्विक पेच होता. एखादी इंग्रजी कविता इंग्रज समीक्षकाला उत्कृष्ट वाटते, तिच्या नादाची तो वाखाणणी करतो. परक्या वाचकाला मात्र तसे जाणवत नाही. अशा वेळी परक्या वाचकाने काय करावे? भाषा त्या समीक्षकाची आहे, म्हणून त्याचे मत शिरोधार्य मानावे, की आपल्या प्रत्ययाशी प्रामाणिक राहावे? १९१४ मध्ये गाकुशुइन या संस्थेत दिलेल्या ‘माझा व्यक्तिवाद’ या व्याख्यानात सोसेकींनी हा पेच मांडला आहे. उसने मत मिरवण्यापेक्षा दोन प्रत्ययांत तफावत का पडते याची कारणे रूढी, रीतिरिवाज आणि समाजमन यांत शोधावीत, असा मार्ग त्यांनी सुचविला. या भूमिकेला त्यांनी ‘जिको होन्‌इ’, म्हणजे स्वतःला आधारभूत मानणे, असे नाव दिले. ही भूमिका आपल्याला लंडनमध्येच गवसली, असेही त्यांनी नमूद केले आहे.

५

एप्रिल १९०३ पासून सोसेकी तोक्यो विद्यापीठात हर्न यांच्या जागी शिकवू लागले. हर्न यांच्या रसाळ, भावपूर्ण अध्यापनाची सवय झालेल्या विद्यार्थ्यांना ही नवी विश्लेषक पद्धती रुक्ष वाटली. शेक्सपिअरवरील व्याख्यानांनी मात्र पुढे मोठी गर्दी खेचली. सप्टेंबर १९०३ ते जून १९०५ या काळातील सैद्धान्तिक व्याख्याने ‘बुंगाकुरोन’ या नावाने मे १९०७ मध्ये ग्रंथरूप झाली. वाङ्मयाचा आशय जाणिवेच्या केंद्रस्थानी असलेली कल्पना वा संवेदन आणि तिच्याशी निगडित भावना या दोन घटकांनी बनतो, असे सूत्र येथे मांडलेले आहे. बीजगणितातील समीकरणाच्या धर्तीवर ते मोठा ‘एफ’ अधिक लहान ‘एफ’ अशा स्वरूपात लिहिले आहे. या सूत्राला इंग्लंडचा किंवा जपानचा म्हणून काही विशेषाधिकार नाही. ‘भाषा ज्याची, निर्णय त्याचा’ हा दावा त्यातून आपोआप निष्प्रभ होतो.

या प्रयत्नाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ग्रंथातील उदाहरणे प्रामुख्याने इंग्रजी वाङ्मयातीलच आहेत. ज्या मानसशास्त्राला सोसेकींनी तटस्थ कसोटी मानले, तेही युरोप-अमेरिकेतच घडलेले होते. १९०७ मध्येच विद्यापीठ सोडून त्यांनी ‘असाही’ वृत्तपत्रात कादंबरीलेखन पत्करले आणि नंतरच्या व्याख्यानात आपल्या या ग्रंथाविषयी कठोर असमाधान व्यक्त केले. तथापि कोजिन काराटानी यांनी आधुनिक जपानी वाङ्मयाच्या उगमाविषयीच्या १९८० मधील ग्रंथाचा आरंभ ‘बुंगाकुरोन’च्या चर्चेने केला, आणि २००९ मध्ये सोसेकींचे हे सैद्धान्तिक लेखन इंग्रजी अनुवादातून उपलब्ध झाले. त्यामुळे तौलनिक साहित्याभ्यासात या ग्रंथाचा नव्याने विचार होऊ लागला.

भारतीय अभ्यासकाला हा इतिहास एका तुलनेकडे नेतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये इंग्रजी वाङ्मयाला स्वतंत्र अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळण्याच्या कितीतरी आधी ते वसाहतीतील वर्गांत शिकविले जात होते, आणि त्यामागील राजकीय हेतूंचे विवेचन गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये सविस्तर केले आहे. येथे भाषा आणि वाङ्मय एकाच अभ्यासक्रमातून, एकाच अधिकाराने आले. त्या वाङ्मयाची थोरवी हे त्या अभ्यासक्रमाचे गृहीतच होते. वसाहत नसलेल्या जपानच्या शासनाला इंग्रजी हवी होती ती साधन म्हणून. वाङ्मयाच्या थोरवीविषयी त्याने काहीच सांगितले नव्हते. आदेशातील या रिकाम्या जागेने सोसेकींना एकाकी केले हे खरे. पण ‘वाङ्मय म्हणजे काय’ हा प्रश्न कोणाच्याही वतीने न विचारता स्वतःसाठी विचारण्याची मोकळीकही त्याच जागेने त्यांना दिली.

परदेशातील भाषाध्ययनाचे मूल्यमापन सहसा भाषेवर किती प्रभुत्व मिळाले यावरून केले जाते. त्या निकषावर सोसेकींची लंडनमधील दोन वर्षे फारशी फलदायी ठरणार नाहीत : महाविद्यालय काही महिन्यांत सुटले, शिकवणी वर्षभरात संपली, पदवी मिळाली नाही. परंतु दुसऱ्याची भाषा शिकत असताना स्वतःच्या अभिरुचीचा अधिकार कोठपर्यंत चालतो, हा प्रश्न त्यांनी तेथे प्रथम पद्धतशीरपणे हाताळला. परभाषेतील कृतीचा आस्वाद आणि तिचे मूल्यनिर्णय यांविषयी आज जे तौलनिक विवेचन होते, त्याला या प्रश्नाची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.