सिनेमावर कुणी लिहायचं? 'सिनेमाया'ची गोष्ट

सिनेमा आपण सगळ्याच बघतो. जत्रेतल्या तंबूत बघितला, टीव्हीवर बघितला, आता मोबाईलवर बघतो. "कसा होता गं?" असं कुणी विचारलं, की "छान होता" नाहीतर "रडू आलं" एवढं सांगून आपण मोकळ्या होतो. आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्यांनी ते एवढ्यावर सोडलं नाही. त्यांचं नाव अरुणा वासुदेव.

अरुणाताईंचा जन्म १९३६ सालचा. पॅरिसला शिकून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. सिनेमातल्या सेन्सॉरवर त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. पुढं देशोदेशींच्या चित्रपट महोत्सवांना जाताना एक गोष्ट त्यांना खटकत राहिली. आशियात उत्तम सिनेमे बनत होते, पण ते चांगले की वाईट हे ठरत होतं युरोपात. 'राशोमोन' या जपानी सिनेमाला १९५१ साली व्हेनिसला मोठं पारितोषिक मिळालं, मग जगाला जपानी सिनेमा दिसला. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं १९५६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात कौतुक झालं. कौतुक झालं हे चांगलंच. पण श्रीलंकेत काय बनतंय हे भारताला माहीत नाही, इराणचं फिलिपिन्सला माहीत नाही. शेजारणीच्या घरची खबर तालुक्याला जाऊन कळावी, तसलाच प्रकार.

म्हणून १९८८ साली त्यांनी दिल्लीहून 'सिनेमाया' नावाचं इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं. फक्त आशियाई सिनेमासाठी. तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतं. परदेशातला सिनेमा बघायचा तर महोत्सवाला जावं लागे, नाहीतर कॅसेट मिळवावी लागे. अरुणाताईंबरोबर संपादनात लतिका पाडगावकर आणि रश्मी दोराईस्वामी होत्या. म्हणजे आशियाभरच्या सिनेमाची ही नोंदवही मुख्यतः बायकांच्या हातात होती. नटनट्यांची लफडी, कुणाचा बंगला केवढ्याचा, असलं त्यात नव्हतं. दिग्दर्शकाच्या मुलाखती होत्या आणि सिनेमावर सावकाश, विचार करून लिहिलेले लेख होते.

आता विचार करून लिहिणं म्हणजे काय, ते एका सिनेमावरून सांगते. इराणच्या अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ सालचा सिनेमा आहे, 'मित्राचं घर कुठं आहे?' एका खेड्यातल्या पोराच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. वही नसली तर मित्राला उद्या शाळेतून काढतील. वही परत द्यायला पोरगं शेजारच्या गावात घर शोधत हिंडतं. बस, एवढीच गोष्ट.

वरवर लिहिणारा म्हणेल, "गोष्ट साधी आहे, मुलानं काम चांगलं केलंय." नीट बघणारी मात्र अंगणातल्या आईपाशी थांबेल. मुलगा पुन्हा पुन्हा सांगतो, वही द्यायला जायचंय. आई धुणं करतेय, तान्ह्याकडं बघ म्हणतेय, अभ्यास कर म्हणतेय. तिला ऐकूच येत नाही. ती दुष्ट आहे का? नाही. तिचे हात रिकामे नाहीत. कामाच्या रगाड्यात पोराचं बोलणं कानावर येऊनही मनात शिरत नाही, हे दिग्दर्शकानं तिला एकही भाषण न देता दाखवलं. मैत्रिणींनो, ही गोष्ट ओळखायला पॅरिसची डॉक्टरेट लागत नाही. ते अंगण आपलं रोजचं आहे. पण ओळखलेलं शब्दांत मांडावं लागतं. काय दिसलं, ते तसं का दाखवलं असेल आणि आपल्याला ते पटलं का, हे सांगावं लागतं. समीक्षा म्हणतात ती हीच.

आपल्या गटाच्या बैठकीत कितीही चर्चा झाली, तरी इतिवृत्तात आली नाही तर बँकेच्या लेखी ती झालीच नाही. सिनेमाचंही तसंच आहे. ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांचंच मत पुढं इतिहास म्हणून उरतं. अरुणाताईंनी हे ओळखलं होतं. त्यांनी मासिकावरच न थांबता आशियाई सिनेमाला बळ देणारी 'नेटपॅक' ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. १९९९ साली दिल्लीत आशियाई सिनेमांचा महोत्सवही सुरू केला. लोक त्यांना आशियाई सिनेमाची आई म्हणू लागले. २०२४ साली, वयाच्या ८८व्या वर्षी त्या गेल्या. नेटपॅकचं पारितोषिक आजही अनेक देशांच्या महोत्सवांत दिलं जातं.

आपल्यावरही किती सिनेमे निघतात. शेतकऱ्याची बायको, सासू, विधवा, कामवाली. त्या पडद्यावरच्या बाया खऱ्या वाटतात की खोट्या, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? तेव्हा पुढचा सिनेमा बघाल, तेव्हा "छान होता" याच्यापुढं चार ओळी लिहा. लिहिता येत नसेल, तर लेकीला सांगून लिहून घ्या. आणि गटात वाचून दाखवा. एकीचं मत दुसरीला पटणार नाही, वाद होईल. होऊ द्या.