शेवटची श्राविका



बारा भावना आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेल्या असतात. अनित्य, अशरण, संसार या म्हणताना मन भरून येतं, कारण त्यांचा अनुभव घरातच येतो. दहावी भावना आली की मात्र आपण जरा घाईनं पुढे सरकतो. ती म्हणजे लोकभावना. चौदा राजू उंचीचा हा लोक, त्यात अनादी काळापासून फिरणारा जीव. एवढ्या मोठ्या गोष्टीचं चिंतन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे पटकन उमगत नाही.

आज या दहाव्या भावनेबद्दल लिहायचं आहे. सुरुवात मात्र युरोपपासून करते. हे विश्व केवढं आणि शेवटी त्याचं काय होणार, या विचारानं माणसं कशी हादरली, याची नोंद तिथे सालवार सापडते.

सतराव्या शतकातला फ्रान्सचा पास्कल घ्या. त्याचे वडील करवसुलीच्या खात्यात अधिकारी होते. रकमांच्या बेरजा करताना त्यांची दमछाक व्हायची, म्हणून या मुलानं १६४२ च्या सुमारास आकडेमोडीचं यंत्र तयार केलं. मी कॉमर्सची, त्यामुळे मला या मुलाचं फार कौतुक. तोवर गॅलिलिओनं दुर्बीण आकाशाकडे वळवून सांगितलं होतं की आकाशगंगेचा तो धूसर पट्टा म्हणजे असंख्य तारे आहेत. पृथ्वी मध्यभागी आणि भोवती नीटनेटकं आकाश, हे जुनं घर मोडलं होतं. एवढा हुशार आणि श्रद्धावान पास्कल, पण या अफाट पोकळीपुढे वाटणारी भीती त्यानं लिहून ठेवली. मी इथेच का, याच काळात का, असे त्याचे प्रश्न होते. ती टिपणं तो गेल्यावर १६७० मध्ये छापली गेली.

ही झाली आकाराची भीती. शेवटाची भीती आली एकोणिसाव्या शतकात, आणि ती वाफेच्या इंजिनामागून आली. कोळशातल्या उष्णतेचं काम किती होतं आणि वाया किती जातं, याचा हिशेब शास्त्रज्ञ मांडत होते. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन यांनी, दाखवलं की वापरता येईल अशी ऊर्जा सतत विखुरत जाते. आपल्याला हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. ओट्यावर ठेवलेला चहा गार होतो, गार झालेला चहा आपला आपण गरम होत नाही. हाच नियम सगळ्या विश्वाला लावला तर? १८५४ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी भाषणात तेच सांगितलं, की शेवटी सगळीकडे सारखं तापमान होईल आणि सगळ्या हालचाली थांबतील. १८६५ मध्ये क्लॉझियस यांनी या विखुरण्याच्या मापाला एंट्रॉपी असं नाव दिलं.

केल्विन यांनी १८६२ मध्ये सूर्याचा हिशेब मांडला. त्यांच्या मते सूर्य आकुंचन पावतो आणि त्यातून उष्णता निघते. नवी मिळकत काहीच नाही, नुसतं साठ्यातून खाणं. अशा घराचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. सूर्य बहुधा १० कोटी वर्षांहून जास्त काळ तळपलेला नाही आणि पुढेही काही कोटी वर्षांतच तो थंड होईल, असं त्यांचं गणित सांगत होतं.

हे वाचून किती लोक अस्वस्थ झाले असतील! त्यात एक होते चार्ल्स डार्विन. १८७६ मध्ये त्यांनी घरच्यांसाठी आत्मचरित्र लिहायला घेतलं. त्यात ते लिहितात की इतक्या सावकाश प्रगती करत आलेली माणसं आणि सगळे जीव सूर्य थंड झाल्यावर नष्ट होणार, हा विचार त्यांना सहन होत नाही. पुढे असंही म्हणतात की आत्मा अमर आहे असं पूर्णपणे मानणाऱ्यांना जगाचा शेवट एवढा भयंकर वाटणार नाही. त्यांची स्वतःची श्रद्धा तोवर सुटलेली होती. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी गेली होती.

त्यांची पत्नी एमा मात्र श्रद्धावान होती. लग्नानंतर लवकरच तिनं नवऱ्याला पत्र लिहून आपल्या मनातली काळजी कळवली होती. नवरा श्रद्धेपासून दूर गेला तर मरणानंतर आपली ताटातूट होईल, ही ती काळजी. डार्विन यांनी ते पत्र आयुष्यभर जपलं. आपण या पत्रावर कितीदा रडलो आहोत, हे त्यांनी त्यावरच लिहून ठेवलं. मला हे वाचल्यावर वाटलं, नवरा सूर्याच्या विझण्याला भ्याला आणि बायको ताटातुटीला, पण दोघांची भीती एकच होती. जे जिवापाड जपलं ते उरणार नाही, हीच ती भीती.

गंमत पुढे आहे. १८९६ मध्ये बेकरेल यांना किरणोत्सर्ग सापडला. अणूच्या पोटात केवढी ऊर्जा आहे हे हळूहळू कळलं. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी सूर्य नेमका कशावर जळतो ते मांडलं. हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातून ऊर्जा निघते. आज सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं मानतात आणि अजून साधारण ५०० कोटी वर्षं तो तळपेल म्हणतात. केल्विन यांची बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण जमेचं एक खातंच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मुदत एवढी वाढून मिळाली, तरी भीती गेली नाही. १९२९ मध्ये हबल यांच्या निरीक्षणांतून दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असल्याचं दिसलं आणि १९९८ मध्ये हा विस्तार वेग घेतोय असं कळलं. म्हणजे फार पुढे सगळे तारे विझून अंधार आणि गारठा उरेल, ही शक्यता पुन्हा आलीच. मुदतवाढीनं कर्ज फिटत नाही, मैत्रिणींनो.

माझ्या नातीनं हे सगळं मोबाइलवर पाहिलं आणि तिची झोप उडाली. दहावीचं वर्ष. रात्री माझ्या पांघरुणात शिरून म्हणाली, "आजी, सगळंच संपणार असेल तर अभ्यास कशाला? तुझी पूजा तरी कशाला?" तिला 'वेडी आहेस' म्हणून गप्प बसवणं सोपं होतं. पण प्रश्न पास्कलचा होता, डार्विनचा होता. तो हसण्यावारी कसा न्यायचा? तुमच्याही घरात असं कुणी असेल तर आधी ऐकून घ्या. झोप आणि जेवण दोन्ही सुटलं असेल तर डॉक्टरांनाही दाखवा, त्यात कमीपणा काही नाही. आणि आपल्याकडे या प्रश्नाबद्दल काय ठेवा आहे, तेही तिला सांगा.

आपला ठेवा म्हणजे तिलोयपण्णत्ती. आचार्य यतिवृषभांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी प्राकृतात रचलेला हा ग्रंथ तिन्ही लोकांचं वर्णन करतो. तो आपल्या सोलापुरातून छापला गेला, हे किती जणींना माहीत आहे? जीवराज जैन ग्रंथमालेचं ते पहिलं पुष्प. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राध्यापक आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादन केलं. पहिला भाग १९४३ मध्ये आला, दुसरा १९५१ मध्ये. बेथे यांनी सूर्याचं कोडं सोडवलं त्यानंतर चारच वर्षांनी, महायुद्ध चालू असताना, सोलापुरात लोकाच्या मापांची मुद्रितं तपासली जात होती.

त्यातले आकडे पाहिले की मला तरी आपले पूर्वज मोठे हिशेबी वाटतात. लोकाचं घनफळ ३४३ घनराजू. काळ मोजायला पल्य. एक योजन रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, त्यात अगदी बारीक कापलेले केसांचे तुकडे ठासून भरायचे आणि दर शंभर वर्षांनी एक तुकडा बाहेर काढायचा. खड्डा रिकामा व्हायला लागेल तो व्यवहारपल्य, आणि ही तर फक्त पहिली पायरी. अवसर्पिणी १० कोडाकोडी सागरोपमांची. तिचे सहा आरे करा बेरीज: ४, ३, २ आणि १. चौथ्या आऱ्यातून ४२,००० वर्षं वजा होतात, कारण पाचवा आणि सहावा प्रत्येकी २१,००० वर्षांचा. ताळा बरोबर जुळतो.

इथे एक सांगितलं पाहिजे. 'विज्ञानाला आज कळलं ते आपल्या शास्त्रात आधीच होतं' असे संदेश आपल्या ग्रुपवर रोज फिरतात. मला ते पटत नाही. शास्त्रातली लोकाची मापं आणि दुर्बिणीनं घेतलेली मापं जुळत नाहीत, आणि ओढूनताणून जुळवायचं कारणही नाही. या दोन वेगळ्या वह्या आहेत. दुर्बीण सांगते की काय आहे आणि किती आहे. लोकभावना विचारते की एवढ्या पसाऱ्यात तू कशी वागणार आहेस.

आणि शेवटाबद्दल आपलं शास्त्र गोड बोलत नाही. आपण पाचव्या आऱ्यात आहोत. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ३ वर्षं साडेआठ महिन्यांनी तो सुरू झाला. अजून सुमारे साडेअठरा हजार वर्षं उरली आहेत आणि ती उतरणीची आहेत. तिलोयपण्णत्ती सांगते की या आऱ्याच्या शेवटी चतुर्विध संघात चारच जण असतील. वीरांगज मुनी, सर्वश्री आर्यिका, अग्निल श्रावक आणि पंगुश्री श्राविका. श्वेतांबर परंपरेत नावं वेगळी आहेत, तिथली श्राविका सत्यश्री. पण दोन्हीकडे चौघंच, आणि चौघांत दोघी बायका.

राजा कल्की मुनींच्या आहारातला पहिला घास कर म्हणून मागतो. मुनी तो घास देतात आणि अंतराय मानून न जेवता परततात. त्यांना अवधिज्ञान होतं आणि काळ संपत आल्याचं कळतं. मग चौघंही संन्यास घेतात. दिवाळीच्या अमावास्येला, महावीरांच्या निर्वाणाच्याच तिथीला, त्यांचा देह सुटतो. त्या दिवशी सकाळी धर्म नाहीसा होतो, दुपारी राजा मरतो आणि सूर्यास्ताला अग्नी नाहीसा होतो. अग्नी गेला म्हणजे चूल गेली.

आता त्या पंगुश्रीचा विचार करा. शास्त्रात तिच्याबद्दल फार काही नाही, म्हणून हे माझं चिंतन समजा. पहिला घास मागितला गेला, याचा अर्थ त्या पडत्या काळातही कुणीतरी पाणी गाळलं होतं, धान्य निवडलं होतं, चौका मांडला होता, दारात उभं राहून पडगाहन केलं होतं. उद्या चूलच पेटणार नाही म्हणून आज आहार कशाला, असं तिथे कुणी म्हटलं नाही. दिलेल्या आहाराचं मोल तो किती वर्षं टिकला यावर ठरत नाही. दिला तेव्हा भाव काय होता, यावर ठरतं. डार्विन यांचा प्रश्न मला इथे सुटल्यासारखा वाटतो. जग उरलं तरच केलेलं सार्थकी लागतं, ही अटच आपल्या धर्मात नाही.

एमाच्या दुःखावर मात्र शास्त्र फुंकर घालत नाही. एकत्व भावना स्पष्ट सांगते की जीव एकटा येतो, एकटा जातो. हे वाक्य मला अजूनही जड जातं, आणि ते जड जावं म्हणूनच रोज म्हणायला सांगितलं असावं.

सहावा आरा संपताना ४९ दिवस भयंकर वृष्टी होते. विजयार्धाच्या गुहांत आणि नद्यांच्या काठी काही जीव तगतात. मग उत्सर्पिणी सुरू होते आणि पुन्हा ४९ दिवस पाऊस पडतो, पण या वेळी तो पाण्याचा, दुधाचा, अमृताचा, जमीन निववणारा. परंपरा सांगते की हा पाऊस आपल्या पंचांगाप्रमाणे आषाढ वद्य प्रतिपदेला सुरू होतो. मोजून पाहा: १५, १५, १५ आणि ४. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला ४९ दिवस भरतात आणि पंचमीला माणसं गुहेतून बाहेर येतात. त्याच पंचमीला आपलं दशलक्षण पर्व लागतं, आणि पहिला दिवस असतो उत्तम क्षमेचा.

तत्त्वार्थसूत्रातला क्रमही पाहा. दहावी लोकभावना, अकरावी बोधिदुर्लभ, बारावी धर्म. लोक केवढा आहे हे कळल्यावर लगेच पुढची भावना सांगते की एवढ्या लोकात मनुष्यजन्म आणि त्यात बोधी मिळणं किती दुर्मीळ आहे. पसारा जितका मोठा, तितका हा जन्म मोलाचा. पास्कलला मध्येच थांबावं लागलं असतं तसं आपण दहाव्या भावनेवर थांबायचं नाही, बाराव्यापर्यंत जायचं.

येत्या दशलक्षणात लोकभावना म्हणताना घाई करू नका. शक्य झालं तर त्या दिवशी घरातल्या मुलांना शेजारी बसवा आणि पल्याचा खड्डा समजावून सांगा. मग पंगुश्रीची गोष्ट सांगा आणि सगळ्यांनी मिळून संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी उरकून घ्या.