अंतराळातील दुखणे आणि नोकरीचे भय

१६ नोव्हेंबर १९७३ रोजी जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन व विल्यम पोग हे तिघे अमेरिकन अंतराळवीर 'स्कायलॅब' ह्या अंतराळस्थानकाकडे निघाले. त्यांच्याआधी दोन तुकड्या तेथे अनुक्रमे २८ व ५९ दिवस राहून आल्या होत्या. शरीरावर भार पडेनासा झाला म्हणजे स्नायू रोडावतात, हाडे झिजतात, हे डॉक्टरांना दिसून आले होते. म्हणून खाल्लेल्या घासापासून मलमूत्रापर्यंत सर्वांची मोजदाद होत असे.

एवढा कडेकोट पहारा. पण पोहोचल्याच्या दिवशीच पोग यांना उलटी झाली, आणि ती खाली कळवावयाची नाही असे तिघांनी आपसांत ठरविले! यानातील ध्वनिमुद्रकावर हे बोलणे उमटले आणि जमिनीवर ऐकले गेले. अंतराळवीरांचे प्रमुख ॲलन शेपर्ड यांनी त्यांना उघडपणे समज दिली. कार यांनी चूक मान्य केली.

आता, असे त्यांनी का करावे? शेपर्ड यांचेच उदाहरण पाहा. कानाच्या विकारामुळे ते कित्येक वर्षे उड्डाणास अपात्र ठरले होते. शस्त्रक्रियेनंतर १९७१ साली ते चंद्रावर जाऊ शकले. डॉक्टरच्या एका शेऱ्याने अंतराळवीराचे काम सुटते, हे प्रत्येकाला ठाऊक होते. गिरणीतला खोकणारा कामगार डॉक्टरपुढे खोकला दाबतो, तो ह्याच भयाने.

पुढे कामाचा बोजाही असह्य झाला. मिनिटामिनिटाचे वेळापत्रक, जेवणाच्या वेळेतही काम. डिसेंबर १९७३ अखेर तिघांनी जमिनीवरील अधिकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलणी केली. ह्याला 'अंतराळातील संप' म्हणण्याची प्रथा पडली आहे. संप काय असतो ते मला ठाऊक आहे. हा संप नव्हता. काम कोणी बंद केले नव्हते, फक्त गाऱ्हाणे मांडले होते. जेवणाची व विश्रांतीची वेळ मोकळी सोडण्यात आली, किरकोळ कामांची वेळ त्यांच्यावर सोपविण्यात आली, आणि काम उलट अधिक होऊ लागले. रोजचा व्यायामही पहिल्या तुकडीच्या अर्ध्या तासावरून दीड तासावर नेलेला होता. म्हणून ८४ दिवसांनी, ८ फेब्रुवारी १९७४ रोजी परतताना त्यांच्या पायांची ताकद आधीच्यांपेक्षा कमी घटली होती.

हा धडा वाया गेला नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर अंतराळवीर दर आठवड्याला आपल्या डॉक्टरशी खाजगी बोलतो. ते बोलणे इतरांच्या कानी पडत नाही. २०२० साली एक हकीकत प्रसिद्ध झाली. मुक्कामाच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारास एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी सापडली. त्रास काहीच नव्हता. ध्वनिलहरींच्या तपासणीत ती दिसली. पृथ्वीवरील डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले, आणि मुक्काम पुरा करून ती व्यक्ती सुखरूप परतली. नाव मात्र प्रसिद्ध केले गेले नाही.

माणसाला जाणवत नाही ते यंत्र दाखविते, हे खरे. पण मळमळ, थकवा, मनाची उदासी माणसानेच सांगावी लागते. आणि सांगितल्याने पोटावर पाय येणार नाही अशी खात्री असेल, तरच तो सांगतो. मंगळाच्या वाटेवर निघालेल्यांना अर्ध्यातून परतता येणार नाही. त्यांना औषधपेटीबरोबर ही खात्रीही द्यावी लागेल.