एक कुलूप, अनेक हात : मल्टिकोअर प्रोसेसर आणि कर्नलच्या जुळणीचा इतिहास

आजचा विषय ऐकून मागच्या रांगेतल्या काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं, ते आम्हाला दिसलं. इतिहासाच्या व्याख्यानात कर्नल कुठून आला, आणि तोही फौजेतला नव्हे, संगणकातला? पण यंत्रालाही इतिहास असतो. त्या इतिहासाचे काही धागे थेट आपल्या गोंदियापर्यंत, आपल्या धानाच्या बांधीपर्यंत येतात. ते आज उलगडून बघू.

सुरुवात पावसापासून करू. 1980 च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. मागणी होती एक्स-एमपी/24 ची. नावातला पहिला आकडा प्रोसेसरचा, म्हणजे या यंत्रात दोन प्रोसेसर. बऱ्याच वाटाघाटी झाल्या आणि शेवटी परवानगी मिळाली एक्स-एमपी/14 ची. म्हणजे प्रोसेसर एकच! 1989 मध्ये ते यंत्र दिल्लीत हवामानाच्या अंदाजासाठी बसलं. मोसमी पावसाचं गणित त्याच्यावर चालायचं. रोवणी कधी करायची या चिंतेत आभाळाकडे बघणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण दोनऐवजी एक प्रोसेसर हा त्या काळी दोन देशांमधल्या राजकारणाचा विषय होता, हे लक्षात ठेवा. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये बहुधा आठ कोअर आहेत.

या नकाराचं उत्तर पुण्यात तयार झालं. 1988 मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचं नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होतं. ते आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे 64 ट्रान्सप्युटर होते. आता इथे एक बारकावा आहे, बरं का. प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी स्वतःची, वेगळी. शेजाऱ्याशी बोलायचं तर तारेवरून निरोप पाठवायचा. सामायिक काही नाही, म्हणून भांडणही नाही. पण कामाची वाटणी मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच करून द्यायची. ती किती अवघड, हे ज्यांनी केलं त्यांनाच माहीत.

दुसरा मार्ग असा, की अनेक प्रोसेसर आणि मेमरी मात्र एकच. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे सोयीचं, कारण वाटणीची कटकट कर्नल सांभाळतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोणत्या कामाला कधी प्रोसेसर द्यायचा, मेमरी कोणाला, डिस्क कोणाला, हे ठरवणारा कारभारी. पण दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच नोंदीत लिहू लागले तर नोंद बिघडते. म्हणून कुलूप हवं.

या कुलपाची कल्पना गोंदिया जंक्शनवर राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुनी टोकन पद्धत होती. टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे काढायची नाही, आणि त्या टप्प्याचं टोकन एका वेळी एकच बाहेर पडणार. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डच शास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा याने संगणकातल्या अशाच अडचणीवर तोडगा काढला आणि त्याला नाव दिलं ‘सेमाफोर’. हा शब्द त्याने रेल्वेच्या हात-सिग्नलवरून घेतला. कर्नलच्या पुस्तकात आजही सेमाफोर आहे. म्हणजे आपला विषय रेल्वेच्या रुळावरूनच इथवर आला म्हणा ना!

आता लिनक्सकडे येऊ. लिनक्स 1991 मध्ये सुरू झालं तेव्हा ते एका प्रोसेसरसाठी होतं. एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवण्याची सोय जून 1996 च्या 2.0 आवृत्तीत आली. त्यातलं बरंच काम ॲलन कॉक्स यांचं. त्यांनी सगळ्या कर्नलला मिळून एकच कुलूप लावलं, ‘बिग कर्नल लॉक’. एक प्रोसेसर कर्नलच्या आत असेल तर बाकीच्यांनी दारात थांबायचं. सुरक्षित, सोपं, पण हळू.

किती हळू, याचा हिशेब जीन ॲमडाल यांनी 1967 मध्येच मांडून ठेवला होता. आपण तो धान खरेदी केंद्रावर मांडू. पोती उतरवायला, भरायला, शिवायला माणसं वाढवता येतात. काटा मात्र एकच आहे. समजा एकूण कामाचा दहावा हिस्सा काट्यावर जातो. माणसं चौपट केली तर काम चौपट वेगाने होईल? नाही. साधारण तिप्पट होईल. आठपट माणसं लावली तर पावणेपाचपटीच्या आसपास. आणि हजार माणसं आणली तरी दहापटीच्या पुढे जाणार नाही, कारण काटा एकच. बिग कर्नल लॉक हा तो काटा होता.

मग काय केलं? काटे वाढवले. एका मोठ्या कुलपाची लहान लहान कुलपं केली. डिस्कचं वेगळं, नेटवर्कचं वेगळं, कामांच्या रांगेचं वेगळं. जानेवारी 1999 च्या 2.2 मध्ये ही फोड नीट दिसू लागली. त्याच वर्षी 1 मे रोजी भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. योगायोगच, पण समजायला फार उपयोगी. आधी प्रत्येक मोठ्या कामाला भंडाऱ्याचं जिल्हा कार्यालय गाठावं लागायचं. जिल्हा फोडल्यावर आपली रांग आपल्या गावात आली. पण ज्या कामात दोन्ही कार्यालयांची सही लागते, तिथे नवी अडचण उभी राहू शकते. हे म्हणणार आधी त्यांची सही आणा, ते म्हणणार आधी यांची. कर्नलमध्ये याला डेडलॉक म्हणतात. यंत्र जागच्या जागी थिजतं. म्हणून कुलपं वाढवण्याचं काम घाईने करता येत नाही. जानेवारी 2001 च्या 2.4 मध्ये आणि डिसेंबर 2003 च्या 2.6 मध्ये ते पुढे सरकलं. 2.6 मध्ये तर इंगो मोलनार यांच्या कामामुळे प्रत्येक प्रोसेसरला कामांची स्वतःची रांग मिळाली. बिग कर्नल लॉक पूर्णपणे निघालं ते 2011 च्या 2.6.39 मध्ये. एक कुलूप काढायला पंधरा वर्षं लागली मंडळी!

दरम्यान खाली सिलिकॉनमध्ये काय चाललं होतं? 2001 मध्ये आयबीएमने पॉवर 4 आणला. एकाच चिपवर दोन कोअर. सी-डॅकच्या परम पद्ममध्ये असे 248 पॉवर 4 प्रोसेसर होते आणि 2003 च्या जूनमध्ये त्याने जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत जागा मिळवली. घरगुती यंत्रांचा वेग मात्र उष्णतेने अडवला. घड्याळ वाढवत जावं तर चिप तापते. शेवटी 2005 मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही टेबलावरच्या संगणकासाठी दोन कोअरच्या चिपा आणल्या. एकाला जास्त पळवता येईना, म्हणून दोन जुंपले. नोव्हेंबर 2007 मध्ये टाटा समूहाच्या पुण्यातल्या ‘एका’ या यंत्राने जगात चौथा क्रमांक मिळवला. त्यात 14,240 कोअर होते आणि वर लिनक्स.

पुण्यात हे चाललं असताना इकडे काय होतं, ते सांगतो. त्या सुमारास जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा आमच्याकडे होती. दोन कोअरची नवी यंत्रं आली. आम्ही हौसेने हाताशी असलेल्या जुन्या सीडीवरून लिनक्स टाकलं. सगळं व्यवस्थित चाललं. काही महिने गेले. एक दिवस एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, प्रॉक सीपीयूइन्फोमध्ये एकच प्रोसेसर का दिसतो?” बघतो तर काय, बसलेला कर्नल एका प्रोसेसरसाठी बांधलेला! त्या काळी एका प्रोसेसरचा कर्नल आणि अनेक प्रोसेसरचा कर्नल अशा दोन वेगळ्या आवृत्त्या मिळायच्या. आम्ही चुकीची घेतली होती. यंत्राने तक्रार केली नाही, दिवा लागला नाही, काही नाही. अर्धं यंत्र इतके दिवस झोपलेलं होतं, आणि त्याचे पैसे पालकांच्या फीमधून गेले होते. चूक आमचीच होती. कोणी जाब विचारला नाही, म्हणून ती जास्त लागली.

मग मुलांना घेऊन कर्नल स्वतः बांधायला बसलो. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ म्हटलं की पर्यायांची भलीमोठी यादी उघडते. मुलं घाबरली, आम्हीही घाबरलो होतो. पण यादी नीट वाचली तर कळतं, की आत्तापर्यंत सांगितलेला सगळा इतिहास तिच्यात थर लागून बसलेला आहे.

पहिला पर्याय एसएमपी, म्हणजे एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरायचे की नाही. हा 1996 चा थर. आमचा हाच बंद होता. दुसरा एनआर सीपीयूज, जास्तीत जास्त किती प्रोसेसर धरायचे. इथे कमी आकडा दिला तर वरचे कोअर पुन्हा झोपतील. उगाच मोठा दिला तर कर्नलच्याच मदत-मजकुरानुसार प्रत्येक प्रोसेसरमागे अंदाजे 8 केबी जागा वाढते. चारसाठी 32 केबी, चौसष्टसाठी 512 केबी. मोठ्या यंत्रात नगण्य, लहान यंत्रात विचार करण्याजोगी. तिसरा, मल्टिकोअर शेड्युलर. एकाच चिपवरचे कोअर कॅशे वाटून घेतात, हे लक्षात घेऊन कामं वाटणारा. चौथा एसएमटीचा. एक कोअर दोन असल्याचं भासवतो, त्या हायपरथ्रेडिंगसाठी. पाचवा नुमा. ज्या यंत्रात प्रत्येक प्रोसेसरच्या जवळची मेमरी वेगळी आणि लांबची वेगळी, तिथे तो लागतो. आमच्या एका चिपच्या यंत्राला त्याची गरज नव्हती. सहावा प्रीएम्प्शन. सर्व्हर असेल तर कामात व्यत्यय कमी हवा, समोर माणूस बसला असेल तर यंत्राने चटकन उत्तर द्यायला हवं. सातवा एचझेड, टायमरने सेकंदाला किती ठोके द्यायचे, 100, 250, 300 की 1000. खूप प्रोसेसर असतील तर जास्त ठोके म्हणजे जास्त अडथळे.

यातला एकही पर्याय ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ नाही. आपलं यंत्र कोणतं आणि काम कोणतं, यावर सगळं अवलंबून. आधी ‘एलएससीपीयू’ चालवून चिपा किती, कोअर किती, थ्रेड किती हे कागदावर लिहा, मगच यादी उघडा. दुसऱ्याची तयार फाइल उचलून आणली की दुसऱ्याच्या गरजा आपल्या घरात येतात.

आमचं पहिलं कंपायलेशन भारनियमनात सापडलं. मध्येच वीज गेली. पण ‘मेक’ची एक गोष्ट छान. तो फायलींच्या वेळा पाहतो आणि झालेलं काम सहसा परत करत नाही. वीज आली, तिथून पुढे सुरू. पुढच्या वेळी एका मुलाने डिस्कचा ड्रायव्हरच यादीतून काढून टाकला आणि यंत्र उठेना. जुना कर्नल बूटच्या यादीत ठेवला होता म्हणून निभावलं. हे मात्र लिहून घ्या : नवा कर्नल उभा राहिल्याशिवाय जुना पुसायचा नाही.

शेवटी प्रोसेसर पुन्हा मोजले आणि पडद्यावर 2 हा आकडा आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आज ही चूक होणं अवघड आहे. 2006 च्या आसपास अशी युक्ती निघाली, की अनेक प्रोसेसरसाठी बांधलेला कर्नल सुरू होतानाच प्रोसेसर मोजतो, आणि एकच सापडला तर कुलपांचा खर्च स्वतःहून कमी करतो. दोन आवृत्त्यांची गरज संपली. चांगलंच झालं. पण त्याबरोबर यादी वाचण्याची सवयही गेली. आता फोनमध्ये मोठे कोअर आणि छोटे कोअर एकत्र असतात, कोणतं काम कोणाला द्यायचं हे अँड्रॉइडखालचा लिनक्स कर्नल ठरवतो, आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही हे त्यावर ठरतं. निर्णय कोणीतरी घेतलेलाच असतो. आपण तो वाचलेला नसतो, इतकंच.

एके काळी दुसरा प्रोसेसर आपल्याला मागूनही मिळाला नव्हता. नंतर तो मिळाला, आणि आम्ही तो न बघता झोपवून ठेवला. साधन हाती येणं ही निम्मी गोष्ट. ते उघडून, मोजून, त्यातल्या हातांना काम वाटून देणं ही उरलेली निम्मी. ती बाहेरून कोणी आणून देत नाही.

घरी गेल्यावर आपापल्या यंत्रात एकदा प्रोसेसर मोजून बघा. आता प्रश्न घेऊ. त्या खिडकीजवळच्या ताई बराच वेळ हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.